डावा कान

"आमच्या वडिलांचा एक कान लढाईत सरकारजमा झाला," काका सांगत होते आणि जमलेली माणसं हसत होती. "पण दुसरा इतका तिखट, की पंपाला लावला की पंपाचा आजार सांगायचे. एका कानावर नव्वदी पार केली माणसाने!"

नात मागे उभी होती. तिला हसू येत नव्हतं. आजोबांच्या आठवणी सांगायला सगळे त्यांच्याच पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये जमले होते. पाने आणि पकडी बाजूला सारून टेबलावर त्यांचा फोटो ठेवला होता. लढाईवरून परत आल्यावर काढलेला, गणवेशातला. मान किंचित डावीकडे वळलेली. उजवा कान पुढे करून ऐकायची सवय तेव्हापासूनची.

तो किस्सा घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. खंदकाजवळ तोफगोळा पडला. त्या एकाच गोळ्याने आजोबांचा डावा कान नेला आणि जिवलग दोस्तही नेला. दोस्त रात्रभर डावीकडच्या उघड्या रानात जखमी पडला होता. त्याने हाका मारल्या असतील, नसतील. आजोबांना काहीच ऐकू आलं नाही. सकाळी साहेबाला त्यांनी हेच सांगितलं. परत आल्यावर दोस्ताच्या बायकोलाही हेच सांगितलं. मग तिचं गळकं छप्पर, तिचा पंप, तिच्या मुलाची शाळा, सगळं आपलंच समजून जन्मभर पाहिलं.

ती बाई आज पहिल्या रांगेत बसली होती. घरातली पोरं तिला कर्णाआजी म्हणत. आजोबांच्या उजव्या बाजूला बसून ती अशी काही बोलायची, की तिच्या गुडघेदुखीची खबर मागच्या गल्लीपर्यंत पोचायची. आज मात्र तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"आज कर्णा बंद," आत्या कुजबुजली. नातीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिच्या डोक्यात मागच्या आठवड्यातली ती दुपार घोळत होती.

ऑक्सिजनच्या टाकीला जागा हवी म्हणून आजोबांची खाट भिंतीला चिकटवली होती. उजवी बाजू भिंतीकडे गेली. नात डावीकडे बसली होती. ते झोपलेत असं समजून ती हळूच, जवळजवळ स्वतःशीच म्हणाली, "तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारू, आजोबा?"

"काय विचारायचंय?" आजोबांनी डोळे न उघडता विचारलं.

नातीने दचकून त्यांच्या डाव्या कानाकडे पाहिलं. जरा वेळाने आजोबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कान शाबूत आहे गं," ते म्हणाले. "रात्रभर हाका मारत होता तो. माझं नाव घेऊन. माझे पायच उचलले नाहीत." त्यांना धाप लागली. "तिला सांग. मला कधी जमलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते गेले. नात रडली, पण तिला त्यांचा रागही आला. जन्मभराचं ओझं जाता जाता त्यांनी तिच्या गळ्यात घातलं होतं. सांगितलं तर आजोबांचं नाव मातीत जाणार आणि त्या म्हातारीचा नवरा पुन्हा एकदा मरणार. नाही सांगितलं तर आजोबांचा शेवटचा शब्द मोडणार. आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नव्हतं.

बोलणी आटोपली. माणसं चहा घ्यायला बाहेर अंगणात गेली. कर्णाआजी जागची हलली नाही. नात तिच्यासमोर येऊन जमिनीवर बसली.

"आजी, तुम्हाला एक सांगायचंय. आजोबांनीच सांग म्हटलं होतं. त्यांचा तो डावा कान..."

कर्णाआजीने तिच्या हातावर हात ठेवला.

"ऐकू यायचं त्याला," ती म्हणाली. आवाज इतका हळू, की नातीला पुढे वाकावं लागलं. हा आवाज तिने आजवर कधी ऐकलाच नव्हता.

"लढाई संपून वर्ष झालं असेल," म्हातारी म्हणाली. "माझा पंप खोलून बसला होता. मी त्याच्या डावीकडे, जरा मागे उभी होते. सहज पुटपुटले, पाणी देऊ का? तो म्हणाला, नको, वहिनी. आणि काम करत राहिला. त्याच्या लक्षातही आलं नाही."

नातीने विचारलं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत त्यांना?"

"घरी बसून शिव्या घातल्या. भिंतीला ऐकवल्या. पण पोर तापाने फणफणलं होतं. त्याचं औषध आणायला दुसरं कोण होतं मला?"

तिने टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं.

"सकाळी तो औषध घेऊन आला. मी त्याच्या उजव्या बाजूला गेले, आणि तेव्हापासून ओरडूनच बोलत आले."