फुगडीची जोडीण

जोडणी एकदाच व्हायची. घरसोबतीच्या यंत्राने डोळे उघडण्याआधी त्याच्या गाभ्यात जे जोडलं, तेवढंच त्याला जन्मभर येणार होतं.

लेकीने स्वयंपाक, औषधं आणि पडताना सावरणं हे भाग निवडून पाठवले होते. सत्तरीच्या चंद्रभागाबाईंनी एकच मागितला, फुगडी. त्यांची जोडीण म्हणजे धाकटी जाऊ. ती मुलाकडे नाशिकला गेल्यापासून फुगडी थांबलीच होती.

जोडणीला आलेली शमिका पडद्याकडे बघत म्हणाली, “आज्जी, जुळत नाहीये. सावरणं नि फुगडी, दोन्हींनाही हातांचा ताबा हवाय. तो एकालाच मिळतो. फुगडी काढू?”

“सावरणारी हात कधी धरते गं?”

“तुम्ही पडायला लागलात की.”

“फुगडीवाली आधीपासून धरून असते. सुटला तर दोघी आपटतात, म्हणून सोडतच नाही. तिलाच दे ताबा. सावरतेही तीच.”

शमिकाला हसू आलं. तिने तसंच केलं आणि जोडणी बिनतक्रार झाली.

यंत्राने डोळे उघडले, पायांशी पाय जुळवले आणि हातांची कैची पुढे केली.

“आज्जी, बेताने हं!”

“तू आधी बाजूला हो, लागेल तुला!”

चंद्रभागाबाई पूर्ण भार टाकून मागे झुकल्या, आणि अंगण गरगर फिरू लागलं.