बिनअंगठ्याचा घास

"याचा अंगठा कुणी कापला?"

डॉक्टर मोरेश्वर भिड्यांनी काचेपलीकडच्या काळ्या-पांढऱ्या माकडाकडे बोट दाखवलं. बोट डाव्या हाताचं. उजवा हात खिशात होता. गेल्या हिवाळ्यात बर्फ हटवणाऱ्या स्नोब्लोअरने त्याचा अंगठा नेला, तेव्हापासून तो खिशातच राहायचा.

"कुणी नाही, बाबा. कोलोबस आहे तो. यांना अंगठा नसतोच," इला म्हणाली. ती याच प्राणिसंग्रहालयात कामाला होती. आपली मुलगी माकडांना पाला घालते, हे पार्सिपनी गावातल्या मित्रांना सांगताना डॉक्टरांची जीभ अजूनही अडखळायची.

"अंगठ्याचा खुंट मात्र झकास भरलाय." जन्मभर लोकांची तुटलेली बोटं जोडणाऱ्याची नजर ती, जाणार कुठे?

"आफ्रिकेत हे झाडांवरच राहतात. एवढ्या लांब जंप मारताना अंगठा मध्ये आला असता, असं म्हणतात. कोलोबस म्हणजे ग्रीकमध्ये थोटा. नाव ठेवणाऱ्याला तसं वाटलं. यांना कुणी सांगितलं नाही."

माकडाने चार बोटांचा आकडा करून डहाळी ओढली, तोंड पुढे नेलं आणि पानं ओरबाडली. त्याला खेटून आणखी तिघं चरत होती. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले.

समोरच्याच बाकावर इलाने आईचा डबा उघडला. दहीभात, बाजूला चमचा. चमच्याने दहीभात खाणं म्हणजे डॉक्टरांच्या मते औषध घेणं. आणि हाताने खायचं, तर घास तोंडात ढकलायला अंगठा लागतो. म्हणून घरी ते ताट घेऊन खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. "माणसांत बसून चार घास खाऊ देत गं," एवढंच आईने, शैलजाने, सकाळी लेकीला सांगितलं होतं.

"मी गाडीत खातो." डॉक्टर डबा घेऊन उठले.

इला डब्याचं झाकण हातात धरून बसून राहिली.

काचेपाशी ते थांबले. आत अजून चरणं चालूच होतं. मग ते परत आले, बसले आणि खिशातून हात काढला. चार बोटांनी भात ओढला, मान खाली घातली, तोंडच हातापाशी नेलं. दही हनुवटीवर ओघळलं. काचेपलीकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. इलानेही नाही.

"मीठ कमी आहे, सांग तुझ्या आईला," डॉक्टर म्हणाले, आणि बोटांच्या आकड्यात चमचा अडकवून त्यांनी तो तिला परत केला.

चमचा कोरडाच होता.