पासिंगला आलेली रिक्षा

रांगेत अकरावा नंबर, आणि मागच्या दिव्यात बल्बच नाही.

मागच्या रिक्षातून उतरलेल्या रविराजने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कात्रजचा गडी, तोंड सतत चालू. ‘काका, नवरी सजवून आणलीत आणि मुंडावळ्या घरीच विसरलात.’

सजवली होती हे खरं. उत्तरेश्वरची रिक्षा तेरा वर्षांची, पण टपावर धुळीचा कण नाही, सीटला कुठे उसवण नाही. वारज्याहून सकाळीच निघून तो आरटीओच्या पासिंगच्या मैदानावर आला होता. फिटनेसचं सर्टिफिकेट मिळालं तर गाडी रस्त्यावर, नाही तर दारात. बायको गेल्यापासून घरात बोलायला माणूस नव्हतं. रिक्षात निदान पॅसेंजर तरी बोलायचे. त्याचा सगळा जीव त्या गाडीत होता.

‘राहू द्या,’ तो म्हणाला. ‘पुढच्या खेपेला येईन.’

‘पुढची खेप कशाला? माझ्याकडे जास्तीचा आहे की.’ रविराजने बल्ब काढला आणि बसवूनही टाकला. उत्तरेश्वर नको नको म्हणत राहिला. भिडस्त माणूस, रविराजला वाटलं.

पुण्यात सल्ला न मागता मिळतो, हे जगजाहीर आहे. मदतही मिळते, फक्त ती बोलणी खाऊन घ्यावी लागते. पुढच्या टेम्पोवाल्या बापूरावांनी रिक्षामागे रिफ्लेक्टरची पट्टी नाही, हे हेरलं. ‘अहो, डोळे घरी ठेवून आलात का?’ असं म्हणत त्यांनी स्वतःजवळची पट्टी कापून नीट चिकटवून दिली. मग हॉर्न वाजेना. ‘वायर तुटलेली नाही, नुसती सुटलीय,’ बापूराव म्हणाले, आणि तीही जोडून मोकळे झाले.

तेवढ्यात मुलीचा, कल्याणीचा, फोन आला. ‘बाबा, झालं का? आज पास झालीच पाहिजे हं.’

‘अजून नंबर नाही आला,’ तो म्हणाला आणि रिक्षाच्या टपावरून हात फिरवत राहिला.

‘टेन्शन घेऊ नका काका,’ रविराज म्हणाला. ‘आम्ही आहोत ना.’

नंबर आला. इन्स्पेक्टर शर्मिला मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, मग गाडी पळवून ब्रेक मारायला सांगितला. रिक्षा रेषेवर जागच्या जागी उभी राहिली. तेरा वर्षांची सवय ती, पाय आपोआप ब्रेकवर पडतो.

मग मॅडमना दिसलं, की डाव्या बाजूला आरसा नाही. त्यांनी पेन थांबवलं. उत्तरेश्वर आशेने त्यांच्याकडे बघत उभा होता, डोळ्यांत पाणी.

ते पाणी पाहून मॅडमचा कडकपणा कुठल्या कुठे गेला. ‘आजोबा, रडता कशाला? आरसा बसवून आणा. मी जेवायला दहा मिनिटं उशिरा जाते.’

एवढं ऐकायचा अवकाश, रविराज समोरच्या दुकानात पळाला. आरसा आला, बसला.

‘पास,’ मॅडम म्हणाल्या.

रांगेतल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. रविराजने काकांना मिठी मारली. काका हुंदके द्यायला लागले, तेव्हा बापूरावही खिशात रुमाल शोधू लागले. चांगलं काम हातून झालं, की माणसाला असंच भरून येतं.

फोन पुन्हा वाजला.

‘पास झाली,’ उत्तरेश्वर म्हणाला.

‘सुटले बाई. मांजरी गावचं ते गिऱ्हाईक पास झालेलीच गाडी घेणार म्हणून अडून बसलं होतं. संध्याकाळी येतायत न्यायला. आता तुम्ही घरी बसून मस्त आराम करायचा.’ पलीकडे कल्याणीला हुंदका ऐकू गेला. ‘बाबा, तुम्ही रडताय?’

‘काय करू गं,’ तो म्हणाला. ‘सकाळी मी एकेक काढून ठेवलेलं, सगळं लोकांनी बसवून दिलं.’