तेवीस सेंटिमीटर

कल्याणीनं चिनीमातीच्या इन्सुलेटरवरून दोरा फिरवला. त्याच्या दर खाचेत तो नखानं दाबून बसवला, मग पट्टीवर सरळ धरला. तेवीस सेंटिमीटर. ही तिसरी वेळ. दोरा वाढत नव्हता.

तारेपासून खांबाच्या लोखंडापर्यंत पोचायचं तर विजेला या पृष्ठभागावरून सरपटत यावं लागतं. हवा स्वच्छ असेल तर तेवीस पुरतात. लोणी गावच्या खडी क्रशरजवळ, धुळीत, बत्तीस हवे होते. जानेवारीतल्या एका पहाटे धुळीच्या थरावर दव पडलं. ओल्या थरावरून वीज सरपटली, इन्सुलेटर फुटला, तार सुटून खाली राहणाऱ्या साळुबाईच्या गोठ्याच्या पत्र्यावर पडली. म्हैस जागीच गेली. धावत आलेल्या साळुबाईचा हात भाजला.

लाइनमन गेणूनं सफाई केली नाही, असा अहवाल वर गेला होता. ज्युनिअर इंजिनिअर म्हणून तो कल्याणीनंच लिहिला होता. लाइन टाकण्याआधीची पाहणीही तिचीच. श्रावणातली. पावसामुळे क्रशर बंद, बांधावरची पानंसुद्धा धुतलेली. फॉर्मवर ‘परिसर स्वच्छ’ अशी खूण करून ती चहाच्या वेळेला ऑफिसात परतली होती. त्या खुणेवरूनच तिथं असे तेवीसचे इन्सुलेटर बसले.

आज टेबलापलीकडे चौकशी अधिकारी बसले होते. गेणू उभा होता. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

“काय गेणू, फडकं लई जड झालं होतं का?” साहेबांनी विचारलं.

गेणूनं सांगितलं, दर सोमवारी लाइन बंद करून पुसत होतो, बुधवारपर्यंत पुन्हा थर चढायचा. मग त्यानं एकदा कल्याणीकडं बघितलं आणि नजर खाली घेतली.

“मीच कमी पडलो आसंल, साहेब. म्याडमनी लिवलंय ते बराबर आसंल.”

साहेबांनी कबुलीचा कागद पुढं सरकवला. गेणूनं सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला आणि पेन घेतलं.

कल्याणीच्या बोटाला अजून दोरा गुंडाळलेला होता. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. तीन आठवडे ती एकच वाक्य जुळवत होती आणि रोज गिळत होती.

“गेणूभाऊ, सही करू नका,” ती म्हणाली. “साहेब, ‘स्वच्छ’ ही खूण माझी आहे. पाहणीच्या दिवशी गेणूभाऊ मला म्हणाले होते, म्याडम, आत्ता समदं धुतलेलं दिसतंय, दिवाळीनंतर क्रशर चालू झाला की एकदा या. मी गेले नाही.”