टोपी डोळ्यांवर

"टोपी डोळ्यांवर घे," हॉलिस म्हणाला. "आणि मी सांगेपर्यंत उचलायची नाही. कळलं?"

"कळलं, बाबा."

रँडलनं टोपी नाकापर्यंत ओढली आणि त्या काळोखात तो एकटाच हसला. बाबांना खेळ आठवत होता! म्हणजे आपणही आठवत असणार. इंजिन खोकलं, सुरू झालं, आणि होडी धक्क्यापासून सुटली.

रात्रभर गाडी चालवून तो लुईव्हिलहून आला होता. सकाळी न्याहारीच्या टेबलावर बाबांनी त्याच्या बहिणीला, लोरेटाला, चर्चमधली कुणी बाई समजून अंड्यांबद्दल तिचे आभार मानले होते. लोरेटा बशा घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. सोमवारी बाबांना शहरातल्या वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं. होडीलाही गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याआधी रँडलला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी त्याला आपली मासे धरायची गुप्त जागा दाखवावी.

वसंतात क्रॅपी मासा अंडी घालायला काठाशी येतो. तेव्हा शेंबडं पोरही बादली भरून नेतं. पण अंडी घालून झाली आणि ऊन तापलं की तो खोल पाण्यात उतरतो आणि बुडालेल्या झाडांच्या सावलीत जाऊन बसतो. म्हणून नाताळ उलटला की इथली माणसं टाकून दिलेली नाताळची झाडं गोळा करतात, बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधतात आणि तलावात सोडतात. कुठे सोडली, ते सांगत नाहीत. सख्ख्या भावाला नाही, पाद्र्यालाही नाही. सांगायचं फक्त आपल्या मुलाला, तेही तो जाणता झाल्यावर.

हॉलिसची खूण काठावर होती. काठाचं कुठलं टोक कशाच्या मागे लपलं की इंजिन बंद करायचं, हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात होतं. आणि ते डोकं रोज थोडं थोडं रिकामं होत होतं.

रँडल लहान असताना एकदा त्यानं टोपीच्या फटीतून पाहिलं होतं. हॉलिसनं होडी तिथूनच घरी वळवली होती. नंतर म्हणाला होता, "तुला दाढी आली की मीच टोपी काढीन." दाढी आली. मग कारखान्यातली नोकरी आली, रात्रपाळ्या आल्या. दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्याचं ठरायचं. आता दाढी पांढरी झाली होती.

इंजिन थांबलं. होडी डुलत डुलत स्थिर झाली. म्हाताऱ्याचे हात काही विसरले नव्हते. गळाला जिवंत मासोळी लावून त्यानं काठी रँडलच्या हातात दिली.

"सोड खाली. हळू. हळू रे! विहिरीत बादली टाकतोयस का?"

"दिसत नाही ना, बाबा."

"दिसायला कशाला पाहिजे? बोटांनी बघ. दोरा ओढला जायची वाट बघू नकोस. हा मासा खालून येतो आणि आमिष वर उचलतो. दोरा ढिला पडला की समजायचं."

रँडल बोटांनी बघत राहिला. दोरा ताठ होता. मग एकदम त्यातलं वजन गेलं.

"आला!"

"हिसका नको! कागदासारखं तोंड असतं त्याचं, फाटतं. नुसता उचल, झोपलेलं मूल उचलतात तसा."

मासा होडीत येऊन फडफडला. मग दुसरा आला. मग आणखी. हॉलिस लहान पोरासारखा हसत होता. इतकं हसताना रँडलनं त्याला आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

"खाली पुष्कळ झाडं आहेत," हॉलिस म्हणाला. "सगळ्यात वरचं माझ्या बायकोचं. तिच्या शेवटच्या नाताळातलं. त्याच्याच फांद्यांत बसतात हे."

माझ्या बायकोचं. रँडलच्या हातातली काठी जराशी थांबली. तुझ्या आईचं, असं बाबा का म्हणाले नाहीत? पण होडीत सगळं इतकं छान चाललं होतं की त्यानं तो विचार बाजूला सारला. त्यानं काठी पायाशी ठेवली आणि टोपीच्या कडेखाली बोट घातलं.

"बाबा, आता टोपी काढू?"

पाणी होडीच्या कडेवर चुबुक चुबुक वाजत राहिलं.

"नको," हॉलिस समजुतीनं म्हणाला. "राग मानू नकोस, गड्या. माणूस चांगला दिसतोस. मघापासून मला बाबा बाबा म्हणतोयस, बरं वाटलं. हातही हलका आहे तुझा, म्हणून इथवर आणलं. पण ही जागा माझ्या पोरासाठी राखलीय मी. रँडल नाव त्याचं. दाढी आली की दाखवीन म्हणून शब्द दिलाय त्याला."

टोपीची कडा थोडी वर सरकली होती. खालून चकाकणाऱ्या पाण्याचा एक पट्टा दिसत होता आणि त्यापलीकडे काठाची हिरवी रेघ. मान जरा वर केली असती, तर सगळं दिसलं असतं. हॉलिस पाठमोरा होऊन मासे बर्फात ठेवत होता. त्याला कळलंही नसतं.

रँडलनं टोपी पुन्हा नाकापर्यंत ओढली.

"येईल तो," तो म्हणाला. "तोवर कुणाला दाखवू नका."