डॉक्टरांचा शिपाई

“ते आर्मीचं काही काढू नकोस हं,” हॉलच्या दारातच डॉ. उदयनी मुलाला बजावलं. “मंडळाची सगळी माणसं आलीयत.”

नकुल नुसता हसला आणि स्टेजकडे गेला. नॉटिंगहॅमला तो इतिहासाचा प्रोफेसर झाला होता आणि आज त्याचं पहिलं जाहीर व्याख्यान होतं. उदयना अभिमान होताच, फक्त मधली काही वर्षं तेवढी अडचणीची होती. मेडिकल सोडून पोरगा ब्रिटिश आर्मीत गेला, अफगाणिस्तानात लढला. हाडांच्या या नामांकित डॉक्टरांनी महाराष्ट्र मंडळात त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. कुणी विचारलं की ‘इंजिनिअरिंगच्या कामावर बाहेर असतो’ म्हणायचे. त्यांचे मित्र शशी यांनी तर नकुलसाठी एक इंजिनिअर मुलगीही सुचवली होती.

नकुलने सुरुवातीलाच बाँब टाकला.

“मी सोल्जर होतो,” तो इंग्रजीत म्हणाला. “लोक विचारतात, बंदूक सोडून इतिहासात कसा आलास? बाबांमुळे. मी घर सोडलं तेव्हा दारात उभं राहून ते मला एक मराठी शब्द म्हणाले. शिपाई. म्हणजे सोल्जर. इंग्रजीतला सिपॉय तोच. कॅम्पवर तो शब्द डोक्यातून जाईना. हे सिपॉय होते कोण, म्हणून वाचायला लागलो. कळलं की पहिल्या महायुद्धात मराठी माणसं इंग्रजांसाठी पार मेसोपोटेमियात लढली. आमच्या शाळेत त्यांचं कुणी नावही घेतलं नव्हतं. मग ठरवलं, आपण घ्यायचं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “छुपा रुस्तम निघालास की,” मागून शशी कुजबुजले. “केवढा आशीर्वाद दिलास पोराला.” शेजारी बसलेल्या सीमाताई मात्र नवऱ्याकडे बघेनात. त्या दिवशी दारात त्याही होत्या.

उदयना गप्प बसता आलं असतं. आयतं मोठेपण पदरात पडलं होतं. पण स्टेजवरच्या त्या पोराकडे बघून त्यांचा ऊर भरून आला आणि खोटं बोलायचा कंटाळाही आला. प्रश्नोत्तरं सुरू होताच ते उभे राहिले.

“प्रश्न नाही, दुरुस्ती आहे,” सगळ्यांना कळावं म्हणून ते इंग्रजीत म्हणाले. “आमच्याकडे ऑफिसात चहा आणणाऱ्या, फायली उचलणाऱ्या प्यूनलाही शिपाई म्हणतात. मी ते म्हणालो होतो. रागाने. ‘डॉक्टरचा मुलगा, आणि शिपाई होणार!’ माझ्या मुलाचं मराठी कच्चं, त्याला ते कळलं नाही. माझा मुलगा सोल्जर होता. हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगायला हवं होतं.”

नकुलने माइक बाजूला केला आणि मोडक्यातोडक्या मराठीत बोलला, फक्त पुढच्या रांगांना कळेल असं.

“बाबा, दोन्ही अर्थ मला तेव्हाच माहीत होती. अफगाणिस्तानला जाताना मी चांगलीवाली घेऊन गेलो.”