दुसरीकडचा कागद

फोटोग्राफरने टेबलावर ठेवलेल्या कागदाच्या खोक्याचं सील फुटलेलं होतं. मास्तरांनी आधी ते पाहिलं, कागद कुठला ते नंतर.

"कुणाकडे गेला होतास?"

"एक प्रिंट काढून बघितली फक्त. जाड कागद आहे. जरा पिवळसर, बिनचमकीचा. आईचा फोटो यावर करू या म्हटलं."

आजवर त्याची एकूण एक निगेटिव्ह मास्तरांच्याच डार्करूममध्ये छापली गेली होती, मास्तरांनीच निवडलेल्या चकचकीत कागदावर.

"नाव सांग की. लाजतोस कशाला?"

"मास्तर, कागद बदलतोय. बायको नाही."

मास्तर हसले नाहीत. लाल दिव्यात त्यांनी दोन प्रिंट काढल्या, एक आपल्या कागदावर, एक त्या कागदावर. मेहनत दोन्हींवर सारखीच घेतली. हयगय त्यांना जमलीच नसती. धुऊन दोन्ही काचेवर शेजारी शेजारी लावल्या आणि पांढरा दिवा लावला. खिडकीशी उभी म्हातारी, खांद्यावर पांढरी शाल. मास्तरांच्या कागदावर शाल नुसती झळकत होती.

"आता ठरवून टाक."

"ओल्या आहेत अजून."

"मग?"

"ओली प्रिंट बघून कागद ठरवायचा नाही. ओल्यात सगळंच चमकतं. हे तुम्हीच शिकवलंत."

"ड्रायर बिघडलाय."

फोटोग्राफरने खिळ्याला टांगलेला हेअर ड्रायर काढून प्लग लावला. तो लगेच घरघरू लागला.

वाळता वाळता मास्तरांच्या कागदावरची शाल राखाडी होत गेली. दुसऱ्या कागदावर मात्र विणीचा टाका न् टाका दिसत राहिला. मास्तरांनी भिंग उचललं, डोळ्याला लावलं, पुन्हा एकदा लावलं, आणि खाली ठेवलं.

"बरा आहे तुझा कागद."

"मग यावरच करू या?"

"त्या दुसऱ्याकडे आईची निगेटिव्ह नेली होतीस?"

"छे. एका झाडाची होती."

"झाडाची." मास्तरांचा आवाज जरा खाली आला. त्यांनी खोक्याचं झाकण घट्ट बसवलं आणि खोका आपल्या कपाटात ठेवला.

"उद्या ते झाड घेऊन ये," ते म्हणाले. "परत छापू."